पुराच्या रात्रीचा निरोप

बदलापूर पश्चिमेला नदीच्या अंगाला राहणाऱ्यांना पावसाळ्यात दोन आकडे पाठ असतात. उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली, सोनिवली या बाजूला घर घेतलं की शेजारीच ते सांगतात. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा हिशेबाच्या वह्यांबरोबर आणखी एक काम माझ्याकडे आलं. पावसाळ्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय जातं, याकडे लक्ष ठेवायचं. बोलणं नेमकं, खरं आणि उपयोगाचं कसं करावं, हे मी या कामात शिकले.

पाऊस दोन दिवस लागून राहिला की आमच्याकडे एक निरोप ठरलेला: ‘बारवीचे दरवाजे उघडले, दोन तासांत बदलापूर पाण्याखाली.’ बारवी धरण एमआयडीसीचं. त्याचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण पूर्ण भरलं की ते आपोआप उघडतात. पण बारवी नदी उल्हासला मिळते ती उल्हास बदलापूर शहर ओलांडून गेल्यावर. शहरात शिरणारं पाणी मुख्यतः खंडाळ्याच्या डोंगरातून कर्जत, नेरळ, वांगणीकडून येतं. म्हणजे बारवी भरल्याची बातमी आस्नोली, पिंपळोली, चोण अशा काठच्या गावांसाठी तातडीची आहे. आम्हाला मात्र कर्जतला किती पाऊस झाला ते कळायला हवं. चुकीच्या निरोपामुळे माणसं नको त्या दिशेला बघत बसतात आणि पाणी दुसरीकडून येतं.

अशाच एका रात्री तळमजल्यावरच्या आजींचा फोन आला. “अगं, धरण फुटलं म्हणतात. मी एकटी कुठे जाऊ आता?”

“आजी, कुणी सांगितलं?”

“नातवाच्या मोबाइलवर आलंय. खाली लिहिलंय, सगळ्यांना पाठवा.”

ग्रुपवर तो निरोप टाकणाऱ्या दादांना मी फोन केला. ते म्हणाले, “ऑफिसच्या ग्रुपवर आला होता, ताई. म्हटलं, आपल्या लोकांनाही कळू दे.” त्यांच्या मनात काळजीच होती. अफवा पुढे ढकलणारी बहुतेक माणसं अशीच असतात, म्हणून त्यांना चारचौघांत झापून काही साधत नाही. मी त्यांना ग्रुपवर काही बोलले नाही. फोनवरच म्हटलं, “दादा, तेवढा निरोप काढून टाका, मी विचारून खरं काय ते टाकते.” त्यांनी लगेच काढला.

मग नगरपालिकेच्या आपत्कालीन कक्षात फोन लावला. पातळी विचारली, ती किती वाजताची आहे तेही विचारलं. आणि ग्रुपवर लिहिलं: ‘तळमजल्यावरच्यांनी गाड्या आत्ता मागच्या चढावर लावा. रात्री ११ वाजता नदी इशारा पातळीच्या थोडी खाली आहे, पाणी वाढतंय. माहिती आपत्कालीन कक्षाकडून फोनवर घेतली. धरण फुटलेलं नाही. पुढचा निरोप १२ वाजता.’

काय करायचं ते पहिल्या ओळीत, कारण घाईत माणूस तेवढीच ओळ वाचतो. वेळ घातली, कारण ११ वाजताचा निरोप पहाटे तीनला वाचणाऱ्याला ते पाणी कधीचं आहे ते समजलं पाहिजे. माहिती कुठून आली तेही लिहिलं, म्हणजे ज्याला शंका आहे त्याला स्वतः फोन करता येतो. आणि १२ वाजता लिहीन म्हटलं म्हणून १२ वाजता लिहिलंच, फारसं काही बदललेलं नसतानाही. ठरल्या वेळी निरोप आला नाही, तर मधली जागा अफवा भरून काढते. आजींना मात्र मोबाइलवर सोडलं नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा जाऊन त्यांना हाताला धरून वर घेऊन आला.

नेमक्या निरोपाचं आणखी एक उदाहरण मला आठवतं. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पाण्यात अडकली. २७ तारखेला एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, पोलीस आणि गावातली माणसं मदतीला उतरली, आणि दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्या सकाळी आमच्या मोबाइलवर प्रवाशांची संख्या कुठे सातशे, कुठे दोन हजार अशी फिरत होती. नंतर अधिकृत आकडा आला, १,०५०. मला लक्षात राहिलं ते रेल्वेचं आवाहन: खाली उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात, आपत्ती यंत्रणेच्या सूचनेची वाट बघा. काय करू नये, का करू नये आणि पुढे कुणाचं ऐकायचं, एवढंच त्यात होतं. डब्याबाहेर चहूकडे पाणी दिसत असताना माणसाला धीर द्यायला एवढं पुरतं.

निरोप खरा असला तरी तो समजला नाही तर फुकट जातो. माझी मैत्रीण उल्हासनगरात राहते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी हे शहर वसवलं. तिच्या इमारतीतल्या काही वृद्धांना सिंधी वाचता येतं ते अरबी वळणाच्या लिपीत, देवनागरी अवघड जाते. नोव्हेंबर २०१४मध्ये तिथल्या वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. अशा वेळी मराठीतली लांबलचक सूचना त्या वृद्धांच्या काय कामाची? मैत्रिणीच्या इमारतीत आता सूचना सिंधीत बोलून, आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांची दारं वाजवतात. आम्हीही तेच उचललं. मराठी निरोपाखाली हिंदीत दोन ओळी आणि वृद्धांसाठी आवाजातला निरोप.

आमच्या ग्रुपवर फोटोंबद्दलही एक नियम आहे, तो एका शेजारणीमुळे झाला. पाणी चढलं तेव्हा त्यांना बोटीतून बाहेर काढलं होतं. चिंब भिजलेल्या, गाऊनवर, कडेवर मूल. कुणीतरी फोटो काढला आणि बघता बघता तो बदलापूरभर फिरला. पाणी ओसरल्यावर त्या मला म्हणाल्या, “घर धुऊन काढलं मी, पण तो फोटो कसा पुसू?” तेव्हापासून नियम असा. पाण्याचा, रस्त्याचा फोटो खुशाल टाका, लोकांना उपयोग होतो. माणसाचा चेहरा दिसत असेल तर आधी त्याला विचारा. संकटात सापडलेल्या माणसाला ‘नको’ म्हणायची उसंत नसते, म्हणून त्याच्या वतीने आपणच थांबायचं. फोटो जुना असेल तर त्यावर साल लिहायचं. २००५च्या पुराचा फोटो आजचा म्हणून फिरताना मी पाहिला आहे.

कमी लिहिलं तर लोक नाराज होतील, असं सुरुवातीला वाटायचं. प्रत्यक्षात उलट झालं. ज्या रात्री माहिती नव्हती त्या रात्री ‘अजून कळलेलं नाही, विचारते आहे’ असं लिहिलं, तेव्हाही लोक शांत राहिले, कारण कळलं की नक्की सांगेन हा भरवसा होता.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापुरातल्या प्रत्येक सोसायटीला आणि चाळीला माझं सांगणं आहे. मे महिना संपायच्या आत आपत्कालीन कक्षाचा नंबर जिन्यात लावा. एकट्या वृद्धांची, आजाऱ्यांची, गरोदर बायकांची यादी करा आणि कुणाच्या दारी कोण जाणार ते नाव घालून ठरवा. निरोप लिहिण्यासाठी एक माणूस नेमा आणि तो झोपला तर दुसरा. बाकीच्यांनी एवढंच पाळायचं: कुणी सांगितलं आणि कधी, ही दोन उत्तरं मिळत नाहीत तोवर काहीही पुढे पाठवायचं नाही.