रूळ रुंद झाले, पायरी उंच झाली

शाळेला सुट्टी लागली की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यातून आमची वरात मामाकडे बार्शीला निघायची. वैरागमार्गे एस.टी. तेव्हाही होती, पण आईला बस लागायची, म्हणून आम्ही रेल्वेनेच जात असू. सोलापूरहून पॅसेंजर धरायची, कुर्डुवाडीला उतरायचं आणि पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या बार्शी लाईटमध्ये जागा धरायला पळायचं. बोचकी सांभाळत आई मागून ओरडत यायची, "अगं, खिडकी नको धरू, डोळ्यात कोळसा जातो!" आम्ही खिडकीच धरायचो.

या गाडीचा इतिहास मला पुढे कळला आणि तिच्याबद्दलची माया वाढली. १८६० मध्ये मोठी रेल्वे सोलापूरला आली, पण बार्शीसारखी बाजारपेठ बाजूला राहिली. कापूस, धान्य, सगळा माल बैलगाड्यांतून वीसेक मैलांवरच्या कुर्डुवाडीला न्यावा लागे. कुर्डुवाडीच्या स्टेशनचं तेव्हाचं नावच बार्शी रोड. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने जेमतेम अडीच फुटी रुळांवर भरपूर माल वाहता येतो हे दाखवून दिलं आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली. बार्शीच्या अनुभवावर कॅलथ्रॉपने इंग्लंडात मॅनिफोल्ड खोऱ्यात तशीच अडीच फुटी रेल्वे उभारली. ती १९३४ मध्येच बंद पडली आणि तिच्या जागी पायवाट झाली. आपली मात्र नव्वदी ओलांडूनही माणसं वाहत होती.

मामीचं माहेर त्याच मार्गावरच्या एका खेड्यात होतं. तिथला थांबा म्हणजे मुरूम टाकून सपाट केलेली जमीन, एक खोली आणि एक लिंबाचं झाड. मामीची आई तिथे आम्हाला घ्यायला यायची आणि परत जाताना गाडीत बसवून द्यायची. कधी बार्शीला दवाखान्यात किंवा भगवंताच्या दर्शनाला जायचं असलं, तर म्हातारी एकटीच चढायची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. डबा इतका खाली असायचा की कुणाचा हात धरावा लागत नसे. बाकांच्या मध्ये ज्वारीची पोती, दुधाच्या किटल्या, कधी एखादी शेळी. सगळे एकमेकांचे गुडघे सांभाळत बसायचे आणि बार्शी येईपर्यंत कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्या डब्याला कळलेलं असायचं.

मग रुंदीकरण आलं. ते व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. कुर्डुवाडीला पोत्यांची चढउतार करून हमालांच्या पाठी वाकल्या होत्या. कुर्डुवाडी–पंढरपूर टप्पा आधी झाला, बार्शीच्या बाजूचं काम नंतर. पण कामासाठी गाडी बंद झाली की मधल्या गावांचं काय होतं ते मामीच्या माहेरी पाहिलं. खोलीला कुलूप लागलं, मुरमावर वेडी बाभूळ माजली. म्हातारीला बार्शी गाठायला वडाप धरावी लागे. जीप भरेपर्यंत उन्हात थांबायचं, भरली की मागे लटकलेल्या पोरांच्या कोपरात बसायचं. तिने हळूहळू बार्शीला जाणंच सोडलं. देवाचं दर्शन राहिलं, डोळे दाखवायचे राहिले.

ऑक्टोबर २००८ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी–उस्मानाबाद मार्ग ब्रॉडगेज होऊन खुला झाला. लातूरपर्यंतचा पुढचा टप्पा आदल्या वर्षीच झाला होता. जुनी गाडी उस्मानाबादला जातच नव्हती. मार्ग वळवल्यामुळे त्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली. औरंगाबादवरून फिरून जाणारी लातूर–मुंबई गाडी बार्शीवरून धावू लागली. बार्शीतले मामाचे शेजारी मुंबईला रात्रीत पोचू लागले. त्यांचा आनंद मी पाहिलाय आणि तो खरा होता.

पण त्याच दिवसांत मामीबरोबर मी त्या खेड्यातल्या थांब्यावर उभी होते. पॅसेंजर आली. डबा मोठा, स्वच्छ, रुंद. फलाट मात्र जमिनीलगतच. पहिली पायरी मामीच्या कमरेच्या वर. तिने आधी पिशवी वर टाकली, मग दांडा धरला आणि पाय काही पोचेना. आतल्या दोन पोरांनी दंड धरून तिला वर ओढलं. काकणं दांड्यावर आपटून दोन फुटली. म्हातारी आमच्यामागे काठी टेकून उभी होती. "मला न्हाई जमायचं बाई हे," म्हणाली आणि घरी परत फिरली.

दुसरा धक्का २०२० चा. २२ मार्चपासून देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. ते भागच होतं. पण मोठ्या गाड्या परत आल्या तरी पॅसेंजर मागेच राहिल्या. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून पश्चिम बंगालच्या शालिमारला शंभरावी किसान रेल निघाली. आमच्या जिल्ह्यातला माल, त्याच जुन्या पंढरपूर–मिरज मार्गावरून. अभिमान वाटला. मालाला एवढ्या काळजीने गाडी मिळते, तर बाजाराला निघालेल्या बाईला का नाही, हा प्रश्नही तेव्हाच डोक्यात बसला. पुढे पॅसेंजर आल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं. मुंबईला जाणाऱ्याला वीस रुपये कळत नाहीत. पुढच्या स्टेशनला भाजीची पाटी घेऊन जाणारीला जाता-येता चाळीस जास्त मोजावे लागायचे आणि तिची कमाईच तेवढ्यात अडकायची. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर जुनं भाडं परत आलं.

त्यामुळे एखादं स्टेशन पुन्हा सुरू झालं असं कुणी म्हणालं की मी विचारते, तिथे कुठली गाडी थांबते, किती वाजता, तिकीट केवढ्याला आणि म्हातारं माणूस चढू शकतं का? नारळ फोडून, हिरवी झेंडी दाखवून स्टेशन उघडत नाही. कॉलेजच्या पोरांना सकाळी वेळेवर पोचवणारी आणि संध्याकाळी कामावरच्या बायांना घरी आणणारी गाडी तिथे रोज थांबली, तर ते उघडलं.

मामीच्या माहेरच्या लोकांनी मागे एक निवेदन लिहायला घेतलं आणि ते नीट करून द्यायला मला सांगितलं. त्यांनी पहिली मागणी एक्स्प्रेसच्या थांब्याची घातली होती. मी ती चौथ्या नंबरवर नेली. वर फलाटाची उंची, मग पिण्याच्या पाण्याचा नळ, मग अंधारात उतरणाऱ्यांसाठी दिवे. सरपंचांनी थोडी कुरकुर केली. मामी म्हणाली, "बरोबर हाय तिचं. आधी चढायचं बघा, मग पळायचं." पहिली सही तिचीच आहे.