दोघांनी बसायची गाडी

मिरजेच्या उरुसात वयाच्या सातव्या वर्षी मी रहाटपाळण्यात बसलो, आणि आमचा पाळणा वर जाऊन थांबताच असा काही टाहो फोडला की, पाळणेवाल्याने फेरी अर्ध्यावर थांबवून मला खाली उतरवले. माझ्याबरोबर माझी थोरली बहीणही उतरली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढे लग्न होऊन १९९० साली ती अमेरिकेत पिट्सबर्गला गेली. तिथे संसार केला, मुलगी वाढवली, नोकरी केली. पण त्या अर्ध्या फेरीची आठवण तिने सोडली नाही. फोनवर बोलताना मी तिची कधी चेष्टा केली की ती शांतपणे म्हणे, "बापू, तुझ्याकडे माझी अर्धी फेरी येणे आहे."

२०२४ च्या जूनमध्ये मी, सौ. आणि आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव तिच्याकडे गेलो. दाजी २०२१ साली गेले. त्यानंतरची ही आमची पहिलीच भेट. विमानतळावर रडणे झाले, घरी आल्यावर पिठले-भात झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर ताईने एक भलामोठा नकाशा पसरला. त्याच्या एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी ठेवली, दुसऱ्यावर दाजींची निळ्या पुठ्ठ्याची वही.

"आपल्याला चार जत्रा करायच्या आहेत," ती म्हणाली.

जत्रा म्हणजे करमणुकीची उद्याने. पेनसिल्व्हेनिया हा या बाबतीत मोठा भाग्यवान प्रांत आहे. दाजी इंजिनियर. त्यांना लाकडी रोलर कोस्टरचे वेड होते; म्हणजे लाकडाच्या उंच सांगाड्यावर रूळ टाकून, साखळीने वर ओढून, मग देवाच्या हवाली सोडून द्यायच्या त्या गाड्यांचे. दर उन्हाळ्यात ते आणि ताई एखादे तरी उद्यान करून येत आणि घरी आले की त्या वहीत नोंद होई. किती मैल, टोल किती, गर्दी कशी, चहा कसा. '१९९९, आल्टूना. गाडी सावकाश, पण हिची मान धरली.' वहीचे शेवटचे लिहिलेले पान २०२० च्या उन्हाळ्याच्या बेताचे होते. त्यावर मार्ग होता, मुक्काम होते, आणि प्रत्यक्ष खर्चाचा रकाना कोरा होता. त्या वर्षी करोनाने सगळ्यांचेच बेत मोडले. पुढच्या वर्षी दाजीच राहिले नाहीत.

तो बेत ताईला पुरा करायचा होता. तिने हे असे सांगितले नाही. वही आमच्यासमोर सरकवली, एवढेच.

बेत म्हटले की मतभेद आलेच. चिरंजीवांना हर्शीला जायचे होते. चॉकलेटच्या कारखानदाराने आपल्या कामगारांसाठी १९०६ साली काढलेली ती बाग आता अवाढव्य झाली आहे. "ते वहीत नाही," म्हणून ताईने विषय संपवला. सौ.ची एकच अट होती, की रोज संध्याकाळी पाठ टेकायला मिळावी. मला विचारले नाही. मी नकाशा बघत होतो, आणि एक गोष्ट मला कळेना. केनीवूड हे उद्यान ताईच्या घरापासून अर्ध्या तासावर. ते सोडून आधी दोनशे मैल पूर्वेला जायचे आणि परत येऊन शेवटी ते बघायचे, हा कुठला हिशोब? ताई म्हणाली, "असू दे. ते शेवटी."

निघण्यापूर्वी पेन हिल्सच्या टेकडीवरच्या वेंकटेश्वराला जाऊन आलो. १९७६ पासून इथल्या भारतीयांचे हे माहेरघर आहे. दर्शनापेक्षा तिथला चिंचेचा भात बांधून घेणे हा आमचा मुख्य उद्देश होता, हे देवालाही ठाऊक असावे.

पहिला थांबा लिगोनियरजवळचे आयडलवाइल्ड. गर्द झाडीत वसलेले हे उद्यान १८७८ सालचे. इथल्या लहानशा रेल्वेला प्रवासी मिळावेत म्हणून तिचे मालक टॉमस मेलन यांनी शेजारच्या जमीनदाराकडून सहलींसाठी रान वापरायची परवानगी घेतली. अट अशी, की झाडे तोडायची नाहीत. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्या झाडांखाली आम्ही धपाटे खाल्ले. पुढे शहरोशहरी ट्राम आल्या आणि तीच युक्ती ट्रामच्या कंपन्यांनी उचलली. रविवारी गाड्या रिकाम्या धावत. तेव्हा मार्गाच्या टोकाला एक बाग, एक तळे, एक बँड आणि एक झुलता घोडा ठेवायचा, की साऱ्या गावाने तिकीट काढलेच! अमेरिकेतली कितीतरी जुनी उद्याने अशी ट्रामच्या पोटी जन्मली. आपल्याकडे मुंबईची ट्राम १९६४ साली गेली. मी ती पाहिलेली नाही, पण तिच्या आठवणीने हळवे होणारे वडीलधारे पाहिले आहेत.

आल्टूनाला पोहोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. तिथल्या लेकमाँट उद्यानात 'लीप-द-डिप्स' ही १९०२ सालची गाडी आहे. जगात शिल्लक असलेल्या या जातीच्या गाड्यांत ती सर्वांत जुनी. १९८५ ला ती बंद पडली, दुरुस्त होऊन १९९९ ला पुन्हा धावली, आणि दाजींची ती नोंद त्याच वर्षीची. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र ती मुकाट उभी होती. कुंपणाबाहेरून पाहिली. उंची एक्केचाळीस फूट, वेग तासाला दहा मैल. आपल्याकडचा सायकलवालाही तिला मागे टाकील. पण दाजींनी वहीत आकृती काढून मर्म लिहिले होते. या गाडीला रुळाला खालून धरणारी चाके नाहीत. ती केवळ स्वतःच्या वजनाने रुळावर बसते आणि बाजूच्या फळ्यांना घासत जाते. वेग वाढवला तर उडून जाईल. जॉन मिलर नावाच्या कारागिराने रुळाखालून पकड घेणाऱ्या चाकाचे पेटंट १९१९ साली घेतले, तेव्हा कुठे या गाड्यांना खरेखुरे कोसळण्याची मुभा मिळाली. चिरंजीवांनी ती आकृती दोनदा पाहिली आणि हर्शीचा विषय तिथून पुढे काढला नाही.

ताई कुंपणाला हात लावून बराच वेळ उभी होती. सौ.ने तिच्या डोक्यावर छत्री धरली. मी उगाच रेल्वेबद्दल बोलत राहिलो. याच गावाजवळ डोंगराला घोड्याच्या नालासारखे वळण घेणारा लोहमार्ग १८५४ ला झाला, आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनी, वगैरे. मास्तरांना दुःखात काही सुचले नाही की ते सनावळी सांगतात.

तिसरा थांबा एलिसबर्गचे नोबेल्स. वहीतल्या कोऱ्या पानावरचे खरे ठिकाण हेच. इथे ताई आणि दाजी कधीच आले नव्हते. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख. इथून थोड्याच अंतरावरच्या सेंट्रालियाच्या जमिनीखाली १९६२ साली लागलेली आग अजून विझलेली नाही. आणि अशा मुलुखात ओढ्याकाठी, झाडांच्या सावलीत, एका कुटुंबाने १९२६ पासून सांभाळलेले हे उद्यान! प्रवेशाला पैसे नाहीत, गाडी उभी करायलाही नाहीत. ज्यात बसायचे त्याचे तेवढे तिकीट. लोक घरचा डबा आणतात, कुत्रीसुद्धा आणतात. अगदी आपल्या गावच्या जत्रेचा न्याय. आम्ही चिंचेचा भात उघडला तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी चौकशी केली. त्यांना घासभर दिला, त्यांनी आम्हाला पाय दिला.

१९७२ च्या आणि २०११ च्या पुरात हे सारे पाण्याखाली गेले होते, हे ऐकून ताई एकदम माझ्याकडे वळली. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आमच्या जुन्या घरात छातीभर पाणी चढले, तेव्हा ती इथे फोनपाशी बसून होती. "चिखल कसा काढला रे तुम्ही?" तिने विचारले. पाच वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला. मी सांगत गेलो. फावडी, शेजारी, आईचे भिजलेले फोटो. असे बोलणे फोनवर होत नाही.

इथली 'फीनिक्स' ही गाडी १९४७ ची, टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोची. तिथले उद्यान १९८० ला बंद पडले. नोबेल मंडळींनी ती मोडीत जाऊ दिली नाही. फळीन् फळी सुटी करून हजाराहून अधिक मैल आणली आणि १९८५ ला पुन्हा उभी केली. ताई तिच्यात चिरंजीवांबरोबर तीनदा बसली. मी बाकावर बसून सर्वांच्या चपला आणि चष्मे सांभाळले. दाजींच्या पानावरच्या रकान्यात तिने त्या रात्री आकडे भरले. पेट्रोल, टोल, मुक्काम. मग वही मिटली. मला वाटले, यात्रा सुफळ संपूर्ण झाली.

पण केनीवूड राहिले होते. मोनोंगहेला नदीवरच्या कड्यावरचे हे १८९८ चे उद्यान म्हणजे ट्रामच्या युगाचे थोरले अपत्य. समोर पैलतीरी ब्रॅडॉकचा पोलाद कारखाना धूर सोडतो. इथल्या 'जॅक रॅबिट'ने १९२० साली मिलरच्या त्या चाकांच्या जोरावर दरीत उडी घेतली. ती गाडी आजही पळते. तीत चिरंजीव बसले, सौ. बसली. ताई मात्र आम्हाला 'थंडरबोल्ट'कडे घेऊन गेली. १९२४ ची गाडी, १९६८ ला वाढवलेली. हिची गंमत अशी, की आधी चढण नाहीच. फलाटावरून निघते ती थेट दरीत.

"२०१९ नंतर मी हिच्यात बसले नाही," ताई म्हणाली. "एकदा आले होते. परत पाठवलं त्यांनी."

तिने पाटीकडे बोट केले. या गाडीत एकट्या माणसाला बसू देत नाहीत. वळणांवर माणूस बाकावर इतका घसरतो की शेजारी कोणी लागतेच.

चिरंजीवांनी उडी मारून हात वर केला. सौ.नेही पर्स माझ्याकडे दिली. ताईने पर्स परत तिच्याकडे दिली आणि माझ्याकडे बघितले.

वास्तविक मी सेहेचाळीस वर्षांचा, एम.ए. झालेला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा गृहस्थ. पण रांगेत माझ्यापुढे माझीच बहीण उभी होती आणि मागे वळायला जागा नव्हती. दांडा खाली आला. पहिल्या उतारावर मी डोळे मिटले, दुसऱ्यावर उघडले. नदी नको तिथे दिसली. वळणावर ताई माझ्यावर आदळली, पुढच्या वळणावर मी तिच्यावर. ती मोठमोठ्याने हसत होती. मग कुठेतरी साखळीच्या चढणीवर, गाडी कटकट करीत वर जात असताना, ती रडत होती. मी तिचा हात धरला की तिने माझा, ते आता सांगता येत नाही. पुढची दरी आली आणि ते सगळे वाऱ्यावर गेले.

फलाटावर उतरल्यावर माझे पाय लटपटत होते. रात्री ताईने दाजींचे पेन घेऊन वहीचे नवे पान काढले आणि लिहिले : 'केनीवूड. जाऊन-येऊन एकवीस मैल. गर्दी मध्यम. चहा नाही. बापूकडचे येणे फिटले.' मग थोडे थांबून खाली आणखी एक ओळ घातली : 'ओरडला. पण उतरला नाही.'