चार मिलिअँपिअरची खुशाली

माझे मामा सारणीच्या सातपुडा औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटची वायरिंग करायचे. सौंसरला आले की आम्हा भाच्यांना समजावायचे : बॉयलरवरचा ट्रान्समीटर दाब मोजतो आणि दोन तारांतून ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह कंट्रोल रूमला कळवतो. दाब शून्य असला तरी ४ येतोच. ० आला, तर तार तुटली किंवा सप्लाय गेला समजायचं. म्हणून प्रत्येक तारेला नंबराचं फेरूल, टर्मिनलचा स्क्रू घट्ट, शील्डला अर्थिंग एकाच टोकाला.

मी बी.ई. होऊन सॉफ्टवेअरमध्ये आलो. इथेही सर्व्हर ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ कळवतो. गप्प झाला की धावपळ.

मामा आता नाहीत. आई सौंसरला एकटी असते. रोज रात्री फोनवर विचारते, “जेवला का रे?” विशेष बातमी कुणाकडेच नसते. तरी फोन चुकवत नाही. मंडळी, तुम्हीही चुकवू नका.