गेरीर : तटावरून रुग्णशय्येपर्यंत आलेले क्रियापद

फ्रेंच भाषेत 'बरे होणे' आणि 'बरे करणे' या दोहोंसाठी एकच क्रियापद आहे : गेरीर. आरोग्याला मात्र त्याच भाषेत 'सांते' म्हणतात आणि तो शब्द अस्सल लॅटिन वंशाचा. स्पॅनिशने बरे होण्यासाठीही 'सानार' हे लॅटिन क्रियापदच जपले. मग फ्रेंचला नेमक्या याच क्रियेसाठी परक्याचे दार का ठोठवावे लागले?

इ.स. ४८६ मध्ये क्लोव्हिसने स्वासों येथे सियाग्रिउसचा पराभव केला आणि उत्तर गॉल फ्रँकांच्या हाती गेले. जेत्यांची बोली जर्मानिक, प्रजेची लॅटिन. पुढील काही शतकांत उलटेच घडले : गॉलमध्ये स्थिरावलेले जेते प्रजेची भाषा बोलू लागले. त्यांची बोली लोपली. तिचे काही शब्द तेवढे मागे राहिले.

त्यांपैकी एक 'वार्यान'. हे रूप कोणत्याही लेखात सापडत नाही. भाषाशास्त्रज्ञांनी ते तुलनेने सिद्ध केले आहे. अर्थ : रक्षण करणे, शत्रूला थोपवणे. आरंभीचा 'व' गॉलच्या लोकांच्या तोंडी 'ग्व' झाला, पुढे नुसता 'ग' उरला. जुन्या फ्रेंचमध्ये 'गारीर' म्हणजे संकटातून वाचवणे. रोगही संकटच, कालांतराने बाकीची संकटे गळाली आणि रोग तेवढा राहिला.

या क्रियापदाचे नाम 'गेरिझाँ' आज फ्रान्समध्ये रोगमुक्ती दर्शवते. त्याचेच जुने रूप इंग्रजीत शिरले आणि 'गॅरिसन' झाले, म्हणजे किल्ल्यातली शिबंदी. पुण्याच्या लष्करी भागात 'गॅरिसन इंजिनिअर' अशी पाटी दिसते, तिच्यात हा शब्द आपला जुना धंदा अजून सांभाळून आहे. पहारेकऱ्याच्या चौकीला फ्रेंचमध्ये 'गेरित' म्हणतात. तेही याच कुळातले.

फ्रँकांनी फ्रेंचला केवळ युद्धाचे शब्द दिले, असे सर्रास सांगितले जाते. 'गेर' म्हणजे युद्ध, हा शब्द जर्मानिक आहे खरा (गेरीरशी त्याचे नाते नाही, उच्चारसाम्य फसवे आहे). पण शुश्रूषा करणे या अर्थाचे 'स्वान्ये' हे क्रियापदही जर्मानिकच आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो.

'वार्यान'चा दूरचा आप्त संस्कृतात आहे : 'वृ' धातू, त्याचे 'वारयति', म्हणजे अडवतो, दूर ठेवतो. मराठीतले 'निवारण' त्यावरूनच आले. शत्रूचे निवारण होते, तसे रोगाचेही.