सीताफळाला घाई चालत नाही

पाटोद्याला पाहण्यासारखे काय आहे, असे मला तिघांनी विचारले. त्यांतला एक तर बीडचाच होता! बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढावा, जामखेडचा रस्ता धरावा, की बालाघाटाचे पठार सुरू होते. ज्वारीची शेते, मध्येच मुरमाड टेकडी, तिच्या अंगावर सीताफळांची झुडपे. इथल्या पाण्याची वाटणी मोठी मौजेची आहे. मांजरा याच डोंगरांत उगम पावून गोदावरीला मिळते. विंचरणा सौताड्याच्या कड्यावरून उडी घेऊन सीनेला, आणि सीनेबरोबर भीमा-कृष्णेला जाते. दोन मोठ्या खोऱ्यांना पाणी पुरवणारे हे पठार स्वतः मात्र तहानलेले. कर्त्या माणसाच्या घरी बहुधा असेच असते.

मी गेलो होतो ते प्रकृतीसाठी. रक्तदाब चढल्यामुळे डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर एक पथ्य सांगितले होते: जेवताना जेवा, चालताना चाला, मोबाइल खिशात ठेवा. याला हल्ली सजगता म्हणतात. बुद्धाच्या शिकवणुकीतली ही जुनी साधना जॉन कबात-झिन यांनी 1979 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये दुखणाईतांच्या उपयोगाला आणली. त्यांच्या वर्गातला एक धडा बेदाण्याचा. एकच बेदाणा घ्यायचा, न्याहाळायचा, हुंगायचा, जिभेवर घोळवायचा आणि मग सावकाश चावायचा.

पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत कशाला जायचे? पाटोदा तालुक्यातच गहिनीनाथगड आहे. गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू, निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे. आणि शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीत ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे पुनःपुन्हा मागतात ते अवधानच. योगमार्गी लोकांनी तर श्वासाचा हिशेबही मांडून ठेवला आहे: अहोरात्रात 21,600. भागाकार करून पाहा, मिनिटाला बरोबर 15 येतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे 12 ते 20 श्वास आजचे डॉक्टरही ठीक मानतात.

गडावर मी श्वास मोजायला बसलो. सातव्याला विजेचे बिल आठवले. पुन्हा एकपासून. मग चौथ्यालाच कुणाच्या तरी लग्नातला मानापमान आठवला! डॉक्टरांचे म्हणणे असे, की मन पळणारच. ते पळाले हे ध्यानात येणे आणि न रागावता त्याला परत आणणे, एवढाच हा व्यायाम. हे ऐकायला सोपे वाटते. करून पाहावे.

खरा धडा मिळाला तो पाटोद्याच्या बाजारात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण बाजारात ते आपले पाटीत, पाल्यावर बसलेले असते. बेदाणा घाईने खाता येतो, सीताफळ येत नाही. गराच्या प्रत्येक पाकळीत बी. जीभ फिरवा, गर सोडवा, बी बाजूला काढा. मन जरा दुसरीकडे गेले, की दाताखाली कडू बी आलीच. मी उभ्याउभ्याच एक फळ संपवले आणि त्या दहा मिनिटांत मला विजेचे बिल आठवले नाही.

पाटीमागची बाई हसत होती. "भाऊ, लई निवांत खाता की!"

मी म्हटले, "डॉक्टरांनी सांगितलंय, ध्यान एका जागी ठेवा म्हणून."

"आमालाबी ठेवावंच लागतंय," ती म्हणाली. "दिवाळी झाली की कोयत्यावर जायाचं. फडात एका हातात ऊस, एका हातात कोयता. ध्यान घरच्या लेकराकडं गेलं, की बोट गेलं."

या भागात 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती पावसाळ्यातच खर्चून जायची, आणि मग पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात ऊस तोडून फेडायची. लेकरे कुणी बरोबर नेतो, कुणी आजीपाशी ठेवतो. तिने धाकट्याला ठेवायचे ठरवले होते.

सध्याच्या क्षणात राहा, असे शहरातली पुस्तके सांगतात. ज्याचे पुढचे सहा महिने आधीच उचलीत गेले आहेत, त्याला हे ऐकवणे मला तरी जमणार नाही. माझ्या रक्तदाबाला सजगता उपकारक आहे आणि मी ती सोडणार नाही. तिच्या उचलीला मात्र हा उतारा नव्हे. तिथे तोडणीचा दर, गावात काम आणि लेकरासाठी वसतिगृह हवे.

"आणि रात्री?" मी विचारले. "कोपीत परत आल्यावर?"

"रातच्याला त्याचंच ध्यान," ती म्हणाली. "तवा कोयता हातात नसतो ना."

मग तिने पाटीतली चार फळे दाबून पाहिली आणि एक माझ्या पिशवीत टाकले. "ह्याचा डोळा नुकताच उघडलाय. आज नगा खाऊ. उद्या खा."