मागची बैठक

जीर्णोद्धार देवळाचा होतो, विहिरीचा होतो. परंतु मोटारीचाही होतो, हे सांगलीच्या एका स्नेह्यांचे पत्र येईपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते. 'पॅकार्ड तयार झाली, पाहावयास या,' एवढाच मजकूर. आम्ही दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून निघालो. त्या गाडीवर आमचे वडील १४ वर्षे ड्रायव्हर होते.

गाडी १९३६ सालची. डेट्रॉइटच्या कारखान्यातली, आठ सिलिंडरांची, १२० अश्वशक्तीची आणि टप उतरवता येणारी. त्या काळी धनिकांना अशा अमेरिकन गाड्यांची हौस फार. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तर ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून केशरी-काळ्या रंगाची गाडी बांधून घेतली होती. शक्ती ३२० अश्वांची! ज्या घराण्याचे नाव नीरेकाठच्या होळ गावावरून पडले आणि ज्याचे भाग्य घोड्याच्या पाठीवर उदयास आले, त्याने एवढे घोडे एका झाकणाखाली कोंडावेत, हे एका परीने शोभतेच.

आमच्या मालकांची मजल पॅकार्डपर्यंतच होती. तिच्या दर्शनी जाळीच्या माथ्याला बैलाच्या जोखडासारखा बाक असतो. वडील हसून म्हणत, "जोखड तिच्या तोंडावर दिसते, असते मात्र आमच्या मानेवर." ते गाडी धूत, आम्ही बादली धरीत असू, पण तिच्या पायरीवर पाय ठेवण्याची आम्हां मुलांस सक्त मनाई होती. पुढे गाडी विकली गेली आणि सांगलीच्या एका गोदामात धूळ खात पडली.

स्नेह्यांनी तिचे सोने केले होते. टपाच्या लाकडी कमानी सुताराकडून नव्या करविल्या होत्या. पॅकार्ड हे नाव १९५८ सालीच बाजारातून गेले. म्हणून जो भाग मिळेना तो लेथवर घडविला होता. सारे पाहून झाल्यावर आम्ही हळूच वाकून क्लचचे रबर पाहिले. वडिलांच्या डाव्या पायाने ते एका कडेला झिजले होते. तेथे आता नवे कोरे रबर होते. जीर्णोद्धारात चाकराच्या खुणा प्रथम जातात, असे मनात आले. पण स्नेह्यांचा उल्हास पाहून आम्ही गप्प राहिलो.

"आज तुम्ही मागे बसायचे," असे म्हणून त्यांनी दार उघडले आणि स्वतः शेजारी बसले. टप उतरवलेली गाडी १९२९ सालच्या आयर्विन पुलावर आली. खाली कृष्णा, माहुलीच्या संगमावरून आलेली तीच. समोर ड्रायव्हरची टोपी, आणि तिच्याखाली उन्हाने रापलेली मान. मालकांना १४ वर्षे आमच्या वडिलांचे एवढेच दर्शन घडले असेल, हे आम्हांस तेव्हा उमगले. त्यांचे हसणे आम्ही पाहिले होते. ते या बैठकीवरून दिसत नाही.

पूल संपताच आम्ही गाडी थांबवावयास सांगितली. स्नेह्यांना नवल वाटले. आम्ही उतरलो आणि पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलो.