हळद, ग्राउट आणि आईचं वरण

2024 चा अख्खा उन्हाळा आमच्या घरात एकाच विषयावर खल चालू होता: स्वयंपाकघरातल्या टाइल्सच्या फटींचा रंग कोणता असावा. हसू नका. ज्यांनी अमेरिकेत घर घेऊन स्वतःच्या हाताने बॅकस्प्लॅश लावलाय, त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. टाइल निवडायला आम्हाला एक तास लागला. ग्राउट निवडायला सात आठवडे.

टाइल अगदी साधी, पांढरी, तीन बाय सहा इंचाची. इकडे हिला सबवे टाइल म्हणतात, कारण न्यूयॉर्कची सबवे 1904 साली सुरू झाली तेव्हा स्टेशनांच्या भिंतींना अशीच पांढरी चकचकीत टाइल लावली होती. धूळ दिसावी आणि झटकन पुसता यावी हा हेतू. पण सबवेत कोणी फोडणी करत नाही.

दुकानात गेलो तर रंगांच्या काड्यांची भली मोठी माळच. स्नो व्हाइट, अलाबास्टर, लिनन, बोन, हेस्टॅक, आणि एक चक्क डेलोरियन ग्रे! 'बॅक टू द फ्यूचर' पाहून मोठा झालेला इंजिनियर तिथेच घायाळ झाला. बायको म्हणाली, "तुला गाडी घ्यायची आहे की फटी भरायच्या आहेत?" तिला पांढराशुभ्र हवा होता. भिंत अखंड दिसते म्हणे. मला गडद राखाडी हवा होता, कारण त्यात डाग दिसत नाहीत. प्रत्येक वीट उठून दिसते आणि स्वयंपाकघराची चौकटीची वही होते हे तिचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं.

पण माझा हट्ट रंगाचा नव्हताच. तो आईचा विषय होता.

2014 साली आई पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये राहत होतो. शेगडीमागे अशाच टाइल्स, पांढरं ग्राउट. आईने सहा महिने मनसोक्त स्वयंपाक केला. अपार्टमेंट सोडताना लीजिंग ऑफिसवाल्यांनी डिपॉझिटमधून 175 डॉलर कापले, कारण 'भिंतीवरचे पिवळे डाग'. मी फोनवर तावातावाने भांडलो आणि आई शेजारच्या खोलीत ऐकत होती हे माझ्या लक्षातच आलं नाही. तेव्हा डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता. तिने मनातल्या मनात गुणाकार केला असणारच, दहा हजारांच्या वर.

2018 मध्ये ती परत आली. दोनतीन आठवड्यांनी मला जाणवलं की वरण फिकं आहे. चवीला नाही हो, रंगाला. मग बघितलं तर शेगडीमागे अॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेली, कढल्यावर झाकण, आणि हळद चिमटीतली अर्धी चिमूट. "तुमच्या इकडच्या भिंती नाजूक," एवढंच म्हणाली. नाशिकच्या घरी ओट्यामागच्या टाइल्समध्ये गवंड्याने व्हाइट सिमेंटने दर्जा भरल्या होत्या. त्या माझ्या आठवणीत कायम पिवळ्याच आहेत, आणि त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढलेला नाही. आणि इथे मुलाच्या घरात ही बाई पाहुण्यासारखी फोडणी देत होती.

आता घर स्वतःचं. दिवाळीला आई येणार म्हणून टाइल्सचं सांगितलं तर म्हणाली, "छान. मी आले की कागद लावून ठेवूया." झालं. त्या वाक्यानंतर मला झोप लागेना.

मग इंजिनियर जे करतो तेच केलं. गॅरेजमध्ये सिमेंट बोर्डाच्या तुकड्यावर उरलेल्या टाइल्स लावून चार पट्टे केले: पांढरं सिमेंट ग्राउट, फिकं राखाडी सिमेंट ग्राउट, तेच राखाडी पण वर सीलर मारलेलं, आणि फिकं राखाडी इपॉक्सी. आमची फट सोळांश इंचाची, म्हणून सिमेंटचं घेतलं ते बिनवाळूचं; आठांश इंच आणि त्याहून रुंद फटींना साधारणपणे वाळूचं लागतं. दहा दिवस वाळू दिलं. हे महत्त्वाचं आहे बरं का. सिमेंट ग्राउट ओलं असताना बरंच गडद दिसतं आणि वाळल्यावर फिकं पडतं. पाणी जास्त झालं तर आणखीनच फिकं आणि ठिगळं पडल्यासारखं. दुकानातली काडी प्लॅस्टिकची, तिला यातलं काही लागू नाही. शिवाय दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो निळसर राखाडी, तोच घरच्या पिवळ्या दिव्याखाली चिखल. म्हणून नमुना घरी, आपल्या दिव्याखाली, उभा धरून बघा.

मग खरीखुरी फोडणी केली. तेल, मोहरी, हिंग, हळद. चारही पट्ट्यांवर एकेक चमचा. रात्रभर तसंच ठेवलं. बायको म्हणाली निदान घरात जेवायलाही काहीतरी कर.

सकाळी साबणाच्या फडक्याने पुसायला गेलो आणि पांढऱ्या ग्राउटवरचा पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा झाला! मी घाबरून आईला व्हिडिओ कॉल लावला. ती शांतपणे म्हणाली, "अरे, कुंकू झालं ते. हळदीला चुना लागला की व्हायचंच." सिमेंट अल्कधर्मी, साबणही थोडा तसाच, आणि हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद आपण सगळ्यांनी बुडवलाय. इंजिनियरिंगची चार वर्षं मध्ये गेली आणि तेवढंच विसरलो.

बाकीचा निकाल असा. राखाडी सिमेंटवरही डाग पडलाच, फक्त तो पिवळा न दिसता मळका हिरवट दिसत होता, म्हणजे माझ्या 'गडद रंगात लपतं' या सिद्धांताची वाट लागली. सीलरवाल्याचा बराचसा निघाला, कडेची रेघ राहिली. इपॉक्सीवर पुसल्यावर जेमतेम पिवळी झाक. बोर्ड डेकवर उन्हात ठेवला तर दोन दिवसांत तीही गेली, आणि सिमेंटवरचे डागही पुष्कळ फिके झाले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, डाग पडलेला शर्ट आपण उन्हातच टाकतो ना. पण आमच्या कॅबिनेटखाली उत्तरेकडच्या भिंतीवर ऊन कुठून आणणार?

तर ठरलं इपॉक्सी. मग रंग डाग लपवायला निवडायची गरजच उरली नाही, आणि बायकोने पाच मिनिटांत एक उबदार, जवळजवळ पांढरा राखाडी निवडला. मी निमूटपणे डेलोरियन परत ठेवला.

इपॉक्सीबद्दल मात्र सावध करतो. सिमेंटपेक्षा खूपच महाग. दोन भाग मिसळले की घड्याळ सुरू, म्हणून थोडं थोडंच कालवा. आणि टाइलवरचा चिकट थर वेळेत पुसला नाही तर नंतर तुमचं नशीब. मी रात्री साडेबारापर्यंत स्पंज घेऊन ओट्यावर गुडघ्यांवर बसलो होतो. ओटा आणि टाइल यांच्या सांध्यात ग्राउट भरू नका, तिथे त्याच रंगाचं कॉल्क लावा. ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, ग्राउट तडकतं.

आई ऑक्टोबरमध्ये आली. बॅगेतून फॉइलचा नवा रोल निघाला, तो मी गुपचूप गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. पहिले चार दिवस तिने फोडणी देताना डाव्या हाताने झाकण ढालीसारखं धरलं. पाचव्या दिवशी मी ऑफिसच्या कॉलवर असताना चर्र आवाज आला आणि पाठोपाठ 'अगंबाई'. जाऊन बघतो तर भिंतीवर कोकणच्या किनाऱ्यासारखा पिवळा नकाशा, आणि आई पदर हातात घेऊन. मी म्हटलं, राहू दे, जेवण झाल्यावर पुसू. तिचा विश्वास बसेना. जेवताना तिचं लक्ष अर्धं ताटात, अर्धं भिंतीवर. वरण मात्र पिवळंधमक होतं.

जेवणानंतर तिने स्वतःच फडकं मारलं. डाग गेला. तिने भिंतीच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोटाने फट चाचपली, मग दुसरी, मग तिसरी. म्हणाली, "चांगलं केलंयस. पण स्विचच्या उजवीकडे एवढीशी भरायची राहिलीय बघ तुझी."

राहिली होती खरी.